रोग आधी का लपवला आणि नंतर का सांगितला: एका चरावरच्या १४ तळ्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

गावाचं नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येतील असे बारकावेही बदललेत. खाडीच्या आतल्या अंगाचं गाव, भरतीच्या एका चरावर ओळीने १४ तळी, सगळ्यात छोटं पाऊण एकराचं आणि मोठं जेमतेम अडीच एकराचं. चर एकच. आत येणारं पाणी त्यातूनच आणि बाहेर जाणारंही त्यातूनच, आणि पुढे जे काही झालं ते सगळं फिरून या चरापाशीच येतं म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

जुनी पद्धत साधी होती. उधाणाच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडायची, पाण्याबरोबर कोळंबीचं बारीक पिल्लू, बोय, खेकडे जे येईल ते आत घ्यायचं, तीन-चार महिने ठेवायचं आणि ओहोटीला उघाडीच्या तोंडाला जाळं लावून काढायचं. बी म्हणजे पिल्लं विकत आणायची नाहीत, खाद्यही विकत आणायचं नाही. पैसा कमी, पण खर्चही जवळपास नाहीच, त्यामुळे एखादं वर्ष वाया गेलं तर मेहनत वाया जायची, घर बुडायचं नाही. असं भरतीच्या पाण्यावर जगणं बऱ्याच किनाऱ्यांवर आहे, केरळात पोक्कालीच्या शेतात पावसाळ्यात भात आणि नंतर कोळंबी घेतात, व्हिएतनामच्या मेकाँगच्या मुखाकडेही कोरड्या दिवसात कोळंबी आणि पावसात भात असं चालतं.

मग बी-खाद्याचा एक व्यापारी आला. बी उधार, खाद्य उधार, अट एकच, माल त्यालाच द्यायचा. वनामी कोळंबी, म्हणजे बाहेरून आणलेल्या बियाची जात, आणि दाटी एकदम चौरस मीटरला ३५ ते ४० पिल्लं. आधी २-३ सुद्धा नसायची. वीज भरवशाची नाही, एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं, सगळ्या चरावर मिळून दोन, तेही डिझेलवर. पहिली दोन पिकं मात्र खरंच चांगली आली आणि तिथेच सगळ्यांचा हिशेब बिघडला, कारण दोन पिकांवरून लोकांनी पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधला आणि घरांची कामं काढली.

काय घडलं

तिसऱ्या पिकाच्या पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास, दोन दिवस जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, चराच्या मध्यावरच्या एका तळ्यात खाद्याचा ट्रे जसा खाली सोडला तसाच भरलेला वर आला. कोळंबी काठाला येऊन संथपणे फिरायला लागलेली. डोक्याकडचं कवच सोलून उजेडाकडे धरलं तर आतून पांढरे ठिपके, खडूने टिंबं दिल्यासारखे. हा व्हाइट स्पॉट. १९९२ च्या सुमाराला तैवान-चीनकडे पहिल्यांदा दिसलेला विषाणू, तळ्यात शिरला की ३ ते १० दिवसात सगळं पीक जाऊ शकतं आणि औषध नाही, कुठलंच नाही. तापमान किंवा क्षारता अचानक पडली की ताणाखाली आलेल्या कोळंबीत तो उसळतो, त्यामुळे पावसानंतरची वेळ नेहमीच धोक्याची.

तळेवाल्याने काय केलं, तर रात्री उघाडी काढली, हाताला येईल तेवढा माल जाळ्यात धरला, बर्फात घातला आणि पाणी चरात सोडून दिलं. कोणाला बोलला नाही. पुढच्या भरतीला तेच पाणी शेजाऱ्यांनी आत घेतलं. दोन आठवड्यांच्या आत १४ पैकी ९ तळी मेली.

नंतर गावाने त्याला खूप बोल लावले, आणि मला वाटतं प्रकरणाचा खरा गाभा तिथे नाहीच. त्याला बैठकीत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सांगितलं असतं तर व्यापाऱ्याने त्याच सकाळी येऊन भाव पाडला असता, तुम्ही सगळ्यांनी मला पाणी सोडू दिलं नसतं, आणि उधारी तर माझ्याच नावावर राहिली असती. सांगून मला मिळणार काय होतं?" यावर कोणाकडेही उत्तर नव्हतं. त्या व्यवस्थेत खरं बोलणाऱ्याचं नुकसान होत होतं आणि लपवणाऱ्याचं निदान थोडं तरी वाचत होतं. माणूस वाईट होता म्हणून रोग पसरला असं म्हणून पुढे गेलो असतो तर पुढच्या पिकाला दुसऱ्या कोणीतरी हेच केलं असतं.

हे काही एका गावाचंच नाही. १९८८ मध्ये तैवानचा टायगर कोळंबीचा धंदा कोसळला, १९९९ मध्ये व्हाइट स्पॉट इक्वेडोरात पोचला आणि तिथलं उत्पादन झपाट्याने खाली आलं, २००९ पासून पुढे चीन, व्हिएतनाम, थायलंडमध्ये लवकर मरतुकीचा रोग आला, तो विषाणू नव्हे तर एका व्हिब्रिओ जिवाणूमुळे होतो हे २०१३ मध्ये कळलं. दरवेळी रोग वेगळा, पण एकाला लागून एक तळी आणि सामाईक पाणी ही जोडी तीच.

आणखी एक नुकसान कोणाच्याच वहीत नव्हतं. चराच्या तोंडाशी चिखलात शिंपल्या काढणाऱ्या बायका सांगत होत्या की दाट पिकं सुरू झाल्यापासून चिखल काळा पडलाय, वास मारतोय आणि टोपली भरायला दुप्पट वेळ लागतोय. त्यांचं तळं नाही म्हणून त्यांना सुरुवातीच्या बैठकांना बोलावलंच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला, व्यापारी स्वतःच घेऊन आला: पुन्हा बी देतो, एका पिकात सगळं फिटेल. बऱ्याच जणांचा कल इकडेच होता, कारण कर्ज डोक्यावर असताना माणसाला मोठा डाव खेळावासा वाटतो. पण दाट पिकात निम्म्याहून जास्त खर्च एकट्या खाद्याचा असतो आणि तो सगळा उधारीचा, म्हणजे अजून एक पीक गेलं की जमीनच जाणार हे सरळ दिसत होतं.

दुसरा पर्याय एकदम आधुनिक होण्याचा, तळ्याला प्लास्टिकचं अस्तर, पुरेसे एअरेटर, पाणी शुद्ध करून मगच आत. तांत्रिकदृष्ट्या हे चुकीचं नाही, जिथे वीज आणि भांडवल आहे तिथे असं चालतं. इथे नव्हतं. पहाटेच्या आधी तळ्यातला प्राणवायू सगळ्यात खाली गेलेला असतो, नेमकी तेव्हाच वीज गेली तर दाट तळं एका रात्रीत संपतं.

तिसरा, कोळंबी कायमची बंद. दोन कुटुंबांनी हाच निवडला आणि कामासाठी बाहेर गेली, त्यांना कोणी नावं ठेवू नयेत.

चौथा, जो शेवटी झाला: दाटी खूप कमी करायची, पाण्याचं वेळापत्रक सगळ्यांचं एक ठेवायचं, आणि घर एकट्या कोळंबीवर अवलंबून राहणार नाही इतकी दुसरी कमाई उभी करायची. ऐकायला सोपं आहे पण या तिन्ही गोष्टींवर महिनोन् महिने भांडणं झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

निर्णय १: दाटी किती

मत्स्यशास्त्र शिकलेला एक तरुण गावाबरोबर काम करत होता. त्याने दाटीचा मुद्दा उत्पन्नावरून मांडलाच नाही. त्याने फळ्यावर एवढंच लिहिलं की पीक पूर्ण गेलं तर प्रत्येक दाटीला खिशातून किती जाणार, आणि मग प्रत्येकाला विचारलं, यातला कुठला आकडा तुम्ही उधारी न करता सोसू शकता? मला ही पद्धत फार पटली. बहुतेक जण ५ ते ८ च्या मध्ये आले. शेवटी चौरस मीटरला ६ ठरलं. इतक्या कमी दाटीला एअरेटरशिवाय चालतं, खाद्य थोडं लागतं आणि तळ्यातलं नैसर्गिक खाद्यही उपयोगी पडतं. बी सगळ्यांनी एकत्र, पीसीआर तपासणी (बियात विषाणू आहे का ते शोधणारी) झालेलंच घ्यायचं, आणि ते थेट तळ्यात न सोडता तळ्याच्याच कोपऱ्यात जाळीने आडोसा करून तीन आठवडे वाढवून मग मोकळं करायचं. व्यापाऱ्याकडून घेतलेलं नाही, त्यामुळे माल कोणालाही विकायची मोकळीक आली.

निर्णय २: साठवण तळं कोणाचं

चराचं पाणी सरळ तळ्यात घ्यायचं नाही, आधी एका तळ्यात साठवून गाळ बसू द्यायचा आणि मग बारीक जाळीच्या पिशवीतून बाकीच्यांना द्यायचं, हे सगळ्यांना मान्य. पण स्वतःचं तळं द्यायला कोण तयार?

लोकांनी लगेच एक तळं सुचवलं, टोकाचं, ज्यात कधी नीट काही पिकलंच नव्हतं. फुकटचं तळं आहे, देऊन टाका. त्या मत्स्यशास्त्र शिकलेल्या पोराने जाऊन पाणी तपासलं, सामू (पीएच, पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल) ४ च्या आसपास, बांधाच्या कडेला लालसर-तांबूस साका. ते तळं कधीतरी कांदळवन तोडून केलेलं होतं. अशा मातीत गंधकाची संयुगं असतात, पाण्याखाली असतात तोवर गप्प, पण खणून हवा लागली की त्याचं आम्ल होतं आणि पावसाबरोबर पाण्यात उतरत राहतं. ते साठवण तळं केलं असतं तर बाकीच्या सगळ्या तळ्यांना दर भरतीला आम्ल वाटलं असतं. कोळंबीला सामू साधारण ७.५ ते ८.५ लागतो.

मग उघाडीच्या सगळ्यात जवळचं, म्हणजे खरं तर सगळ्यात चांगलं तळं लागणार हे उघड झालं. ते दोघा भावांचं. थोरला तयार होता, धाकटा अजिबात नाही, आणि त्याचं म्हणणं रास्त होतं की सगळ्यांच्या भल्यासाठी आम्हीच का उपाशी राहायचं. तोडगा असा निघाला की बाकीचे प्रत्येक विक्रीतून ठरलेला वाटा भावांना देतील, पीक कसंही येवो किमान एवढे द्यायचेच असं कागदावर लिहून, आणि साठवण तळ्यात बोय सोडायची परवानगी त्यांनाच. पहिल्या वर्षी त्या भावांचं उत्पन्न गावात सगळ्यात स्थिर होतं. दुसऱ्या वर्षी इतर तिघे साठवण तळं आम्हाला द्या म्हणून मागे लागले, यावरूनच वाटा बरोबर ठरला होता की थोडा जास्तच, हे ज्याचं त्याने ठरवावं.

निर्णय ३: खरं बोलणाऱ्याला भरपाई

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा. प्रत्येकाने विक्रीतला छोटा हिस्सा एका सामाईक फंडात टाकायचा. रोगाचं लक्षण दिसल्यापासून एका दिवसात जो सांगेल आणि उघाडी बंद ठेवेल त्याला बियाचा आणि ब्लीचिंग पावडरचा पूर्ण खर्च फंडातून. जो न सांगता पाणी सोडेल त्याला काही नाही, शिवाय पुढच्या पिकाला साठवण तळ्याच्या पाण्यात त्याचा नंबर शेवटी. रोगी तळ्यात पावडर टाकून किमान ७ दिवस पाणी आतच ठेवायचं.

निवाडा तिघांनी करायचा, त्यात दोन तळेवाले आणि एक शिंपल्या काढणाऱ्या बायकांपैकी. हे नाव सुचवलं एका म्हाताऱ्या तळेवाल्याने, आणि कारणही अगदी व्यवहारी दिलं, चराच्या तोंडाशी रोज ओहोटीला त्याच उभ्या असतात, मेलेली कोळंबी वाहत आली तर आपल्या आधी त्यांना दिसणार. दया म्हणून दिलेली जागा नव्हती ती, त्यामुळे टिकली.

दुसरी कमाई: काय जमलं, काय नाही

आधी जे जमलं नाही ते. समुद्री शेवाळाचे दोर लावून पाहिले. सुरुवातीचे काही आठवडे वाढ छान, मग पाऊस लागला, खाडीची क्षारता उतरली आणि शेवाळ पांढरं पडून दोरावरून गळून गेलं. आतल्या खाडीत वर्षभर खारं पाणी राहत नाही, ज्या जातीला उघड्या समुद्राची क्षारता लागते ती इथे टिकणार नाही हे क्षारतेची वर्षभराची नोंद हातात असती तर आधीच कळलं असतं. शिवणकामाचं प्रशिक्षणही झालं, मशीनं आली, विकत घेणारं कोणी नव्हतं. पर्यायी रोजगाराच्या नावाखाली हे इतक्या ठिकाणी होतं की चीड येते. कौशल्य शिकवायच्या आधी गिऱ्हाईक कोण हे विचारायला काय जातं?

कालवं चांगली वाढली, त्यांना खाद्य लागत नाही, पाण्यातलं गाळून खातात. पण गाळून खातात म्हणूनच खाडीत येणारं सांडपाणीही त्यांच्यात उतरतं, त्यामुळे स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करायची सोय होईपर्यंत कच्ची विकायची नाहीत असं गटाने स्वतः ठरवलं. कमाई त्यामुळे कमीच राहिली.

खेकड्याने हात दिला, हे काम शिंपल्या काढणाऱ्या बायकांच्या गटाने घेतलं. लहान पिल्लं धरून वाढवायची नाहीत, तर नुकतीच कात टाकलेले, आतून पोकळ, बाजारात ज्यांना भाव नाही असे मोठे खेकडे घ्यायचे आणि एकेका पेटीत एकेक ठेवून ३-४ आठवडे भरायचे, एकत्र ठेवले तर एकमेकांना खातात. अंडी असलेली मादी दिसली तर परत पाण्यात. खायला बाजारातली माशांची डोकी-आतडी, कारण छोटी स्वस्त मासळी खेकड्याला घातली तर ती गरिबाच्या ताटातून कमी होते हा मुद्दा बायकांनीच काढला.

इथे एक मोठी चूक होता होता राहिली. पेट्या तळ्यांच्या चरातच लावायच्या, जागा सोयीची, असं जवळजवळ ठरलं होतं. पण खेकडा स्वतः आजारी न दिसता व्हाइट स्पॉट बाळगू शकतो. म्हणजे रोग अडवायला एवढी मेहनत करून त्याला दाराशीच बांधून ठेवल्यासारखं. पेट्या खाडीच्या पलीकडच्या फाट्यात गेल्या, कोळंबीची टरफलं-डोकी खेकड्याला घालायला बंदी, आणि तळ्यांच्या बांधाला बारीक जाळीचं बुटकं कुंपण, खेकडे चढून आत येऊ नयेत म्हणून.

वेळेचा घोळही झाला. खेकड्याला दोनदा खायला घालायचं ठरलं होतं, त्यातली एक वेळ ओहोटीची, म्हणजे नेमकी शिंपल्या काढायची. काही दिवस बायकांनी दोन्ही ओढलं आणि मग सरळ सांगितलं, एकदाच घालणार, संध्याकाळी. खेकडे भरायला थोडे दिवस जास्त लागतात, चालतं.

परिणाम

पहिलं कमी दाटीचं पीक बहुतेक सगळ्या तळ्यांत आलं, मोठी कोळंबी, एकरी माल आधीच्या दाट पिकापेक्षा खूप कमी पण खर्चही तसाच कमी. खरी परीक्षा पुढच्या पावसात झाली. खालच्या अंगाच्या एका तळ्यात ट्रे भरलेला वर आला. त्या माणसाने संध्याकाळी दिवा लागायच्या आधी निवाडा करणाऱ्या तिघांपैकी त्या शिंपल्या काढणाऱ्या बाईच्या दारात जाऊन सांगितलं. रात्रीतच सगळ्या उघाड्या बंद झाल्या, त्या तळ्यात पावडर पडली, आजूबाजूच्या तिघांनी बारीक असतानाच माल काढून घेतला. बाकीची तळी वाचली. फंडातून त्याला बियाचे आणि पावडरचे पैसे महिन्याभरात मिळाले आणि ते सगळ्यांच्या समोर दिले गेले, हे मुद्दाम.

कर्ज सगळ्यांचं फिटलेलं नाही. पाच घरं अजून फेडतायत. चराच्या तोंडाचा चिखल सुधारतोय असं शिंपल्या काढणाऱ्या म्हणतात, मोजमाप कोणी केलेलं नाही.

बाहेर गेलेल्या दोन कुटुंबांच्या तळ्यांचं वेगळंच झालं. एकाच्या बांधाबाहेर हौसेने कांदळाची रोपं लावली होती, लाटेच्या माऱ्यात ती बहुतेक गेली. पण दोन्ही तळ्यांचे बांध फुटून भरती-ओहोटी मोकळी खेळायला लागल्यावर आत तिवराची, म्हणजे कांदळवनातल्याच एका झाडाची, रोपं आपोआप उगवली, कोणी लावली नव्हती. पाणी नीट येऊ-जाऊ दिलं की बी खाडीच आणून टाकते. १९९५ च्या एका अभ्यासात असा अंदाज आहे की कोळंबीच्या एका हेक्टरचं पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी पचवायला पद्धतीनुसार २ ते २२ हेक्टर कांदळवन लागतं, मध्यम दाटीला २-३ आणि फार दाट पिकाला २२. त्या हिशेबाने दोन तळ्यांचं रान फार नाही, पण कमी दाटी ठेवल्याशिवाय कितीही रोपं लावून भागणार नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

काय वेगळं करता आलं असतं

फंड पहिल्या कमी दाटीच्या पिकाच्या विक्रीतून सुरू झाला, म्हणजे ते पूर्ण पीक विम्याशिवाय गेलं. त्यात रोग आला असता तर फंड रिकामा आणि विश्वासही गेला असता. सुरुवातीला थोडी रक्कम बाहेरून आणून ठेवायला हवी होती.

व्यापाऱ्याला बैठकांपासून लांब ठेवलं. तेव्हा राग होता, समजू शकतो. पण जुनी उधारी त्याच्याकडेच होती, हप्ते बांधून घ्यायला त्याला आधीच बसवलं असतं तर कदाचित दोन घरं बाहेर गेली नसती.

क्षारता, सामू, पाऊस यांची नोंद पहिल्या दिवसापासून एका वहीत ठेवायची गोष्ट कोणीच मनावर घेतली नाही. शेवाळाचा खर्च त्या एका वहीने वाचला असता.

आणि तळ्यांवर रात्रीची राखण करणारे, बांध घालणारे मजूर. दाट पिकात त्यांना वर्षातून जास्त दिवस काम होतं, कमी दाटीला कमी लागतं. तळेवाल्यांचा धोका कमी झाला त्याची किंमत काही अंशी यांनी दिली, आणि खेकड्याच्या गटातही त्यांच्या घरातलं कोणी नाही कारण गट शिंपल्यांवाल्यांचा. आता ती दोन मोकळी झालेली तळी, जिथे तिवर उगवलंय आणि खेकडा-बोय भरपूर मिळतेय, तिथे पाग (फेकायचं जाळं) टाकायचा हक्क कोणाचा यावर वाद चालू आहे. बाहेर गेलेले मालक म्हणतात जमीन आमची, तळेवाले म्हणतात पाणी आमच्या चराचं, मजूर म्हणतात निदान हे तरी आम्हाला द्या. माझं मत मजुरांच्या बाजूने आहे आणि मी ते बैठकीत सांगितलंय, निर्णय पुढच्या उधाणाच्या आधी व्हायचाय.